वीस लिटर बदामी

रंग निवडणं हे माझं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. ते मत मी गेल्या फेब्रुवारीत, वीस लिटर रंग घरी आणल्यावर बनवलं.

झालं असं की, आमच्या ऋतुजाला लासूर स्टेशनच्या एका स्थळानं पसंत केलं. मुलाला नोकरी, घरी शेती, माणसं साधी. रविवारी मुलाचे आईवडील घर बघायला आणि बोलणी पक्की करायला येणार होते. याआधी तीन स्थळं आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलेली. त्यामुळं माझ्या बायकोनं, सुमननं, यावेळी कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. तिची नजर हॉलच्या भिंतीवर गेली. (नजर आधी माझ्यावर थांबली होती, पण माझं आता काही होण्यासारखं नव्हतं.)

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराला बारा वर्षांत ब्रश लागला नव्हता. भिंतीचा मूळ रंग कोणता, यावर घरात तीन मतं होती. पेंटर रऊफभाईनं शेडकार्ड आणून दिलं आणि घरात तिनाची तेरा मतं झाली.

"राखाडी करू. सध्या तेच चालतंय," ऋतुजा म्हणाली.

"लग्न ठरायच्या आधीच राख?" सुमन म्हणाली.

"मग पांढरा," मी सुचवलं.

"दवाखाना काढायलात का?"

असे दोन दिवस गेले. बुधवारी सुमननं कपाट उघडलं आणि माझी हिमरू शाल बाहेर काढली. लग्नात पिशोरच्या सासरेबुवांनी ती माझ्या खांद्यावर घातली होती. बदामी पोत, त्यावर बारीक वेलबुट्टी.

"हा रंग," ती म्हणाली. "ह्याच्याहून उजळ नाय, गडद नाय. दुकानात मशीन असती म्हणं, कापड दाखवलं की तसाच रंग काढून देती. जमंल ना तेवढं?"

एकतीस वर्षं पोरांना शिकवलेल्या मास्तराला हा प्रश्न! मी शाल काखेत मारून निघालो. चष्मा घरीच राहिला. (मशीन बघणार होती. मी कशाला बघू?)

दुकानदारानं तळहाताएवढं एक यंत्र काढलं. "काका, ह्याच्यावर लई बुट्टी हाय. साधी जागा दाखवा, रुपयाएवढी का असंना."

मी शाल पसरून चाचपत गेलो. काठाजवळ एक छान मोकळी जागा सापडली. बिनचष्म्याच्या डोळ्यांना ती जरा जास्तच उजळ दिसली. जुन्या कारागिरीचं तेज, दुसरं काय.

"काका, हाच का? पिवळसर यायलाय."

"मशीन कुणाची आहे?" मी वर्गातला आवाज काढला.

"माझीच."

"मग तिच्यावर विश्वास ठेवा."

त्यानं ठेवला. बादली स्कूटरवर ठेवताना तो म्हणाला, "मशीनवर काढलेला रंग आम्ही वापस घेत नसतो, काका." मला हसू आलं. वापस करायला येतंय कोण?

शुक्रवारी संध्याकाळी रऊफभाईनं आम्हाला हॉलच्या दारात बोलावलं. आम्ही तिघं उभे राहिलो.

"साब," ब्रश खाली ठेवत रऊफभाई म्हणाला, "काम तो बराबर हुआ. मगर सुबह से मेरेकू भूक लग रई."

"हा बदामी हाय?" सुमननं हळू आवाजात विचारलं.

"मशीननं काढलाय."

"माझ्या बापाच्या शालीत हा रंग नाय."

शहाण्या माणसानं इथं दुकानदाराच्या नावानं चार शब्द बोलून विषय मिटवला असता. पण मी मास्तर. सिद्ध केल्याशिवाय सोडणार कसा? मी स्वतः आत गेलो, चष्मा लावला, शाल आणली आणि तिचा काठ भिंतीला टेकवला. ती मोकळी जागा भिंतीत अशी मिसळून गेली की शोधू म्हटलं तरी दिसेना.

"बघितलंस? तंतोतंत!"

सुमन भिंतीकडे बघतच नव्हती. तिनं शाल डोळ्यांजवळ नेली आणि त्या जागेवर नख घासलं. "ह्ये काय हाय?"

"पोत आहे."

"रऊफभाई, बघा बरं."

रऊफभाईनं बघितलं. वासही घेतला. खोटं बोलता येत नाही, हा त्या माणसाचा मोठा दोष आहे. "भाभी, ये तो कलिये का दाग है. हल्दी और तेल. तभी मैं बोलूं, भूक कायकू लग रई!"

आता मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. तीन वर्षांपूर्वी सुमननं खुलताबादच्या मारुतीला नवस बोलला होता: ऋतुजाचं लग्न ठरेपर्यंत घरातलं कुणी मटणाला शिवणार नाही. आणि दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आमच्या शाळेतल्या कुरेशी मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. सुमनचा गुडघा दुखत होता, म्हणून मी शाल पांघरून एकटाच गेलो. आहेर देऊन निघणारच होतो, तेवढ्यात समोर नान आणि कलिया आला. मटणाचा तो पिवळाजर्द रस्सा बघून माझ्यातला मास्तर गळाला. दोन नान खाल्ले. (चार.) घरी आल्यावर शालीवरचा डाग आतल्या घडीत लपवला, आणि खरंच सांगतो, विसरून गेलो.

सुमन रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसली आणि बोटं मोजू लागली. "म्हणजे पहिलं स्थळ मोडलं ते ह्याच्यानंतर. दुसरं बी. तिसरं बी."

"अगं, तिसरा मुलगा परदेशी गेला. त्यात कलियाचा काय दोष?"

"मारुतीला इचारा." मग तिचे डोळे भरले. "मला बी मटण लई आवडतं. तीन वर्षं वास आला तरी मी खिडकी लावून घेतली."

त्या क्षणी मला माझी खरोखर लाज वाटली.

दुसरा रंग द्यायला वेळ नव्हता. रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. चहा निवला, तरी बघतच होते. हेही स्थळ गेलं तर मला या घरात मारुतीसुद्धा वाचवणार नव्हता.

शेवटी ते म्हणाले, "मास्तर, घर आवडलं. आमच्याकडून पक्कं समजा." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "एक इचारू का? राग नका मानू. इथं बसल्यापास्नं मला सारखा कलियाच आठवायलाय."

लग्न ठरलं. नवस फिटला. पुढच्या रविवारी घरात मटण शिजलं आणि सुमननं मनसोक्त खाल्लं. मला मात्र तिनं मारुतीच्या वतीनं निकाल सुनावला: "तुमचा नवस दोन वर्षांमागं मोडला. तेवढी दोन वर्षं तुमच्याकडं राह्यली."

तेव्हापासून मटणाच्या दिवशी माझं ताट हॉलमध्ये असतं. समोर भिंतभर कलिया, ताटात दोडका. परवा तर तंद्रीत पोळीचा तुकडा मोडला आणि हात सरळ भिंतीकडे गेला.