डावीकडची शिवण

माझी ताई शिवणकाम करते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खाते. आमची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून हा दुसरा उद्योग तिने जास्त मनावर घेतला. रोज सकाळी माझं दार वाजवायचं, मला अंथरुणातून ओढून काढायचं आणि तरातरा चालायला न्यायचं. ती पुढे, मी मागे धापा टाकत. एकदा घरच्या समारंभात भावोजींनी हौसेने दारूचा पेला उचलला, तर तिने तो चारचौघांत काढून घेतला. बिचारे दिवसभर लिंबूपाणी पीत बसले.

आईच्या आजारपणात डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं: चालत राहा, पाळी गेल्यावर वजन वाढू देऊ नका, दारूपासून लांब राहा, यानं धोका कमी होऊ शकतो. आणि आईला झालंय, तेव्हा तपासणी चुकवू नका. ताईने बाकी सगळं शब्दन् शब्द झेललं. हे शेवटचं वाक्य मात्र तिच्या कानात शिरलंच नाही. तपासणीला निघताना मी तिला चल म्हणायची आणि ती मान वर न करता सांगायची, तू जा, जिना चढताना मध्येच बसतेस, गरज तुला आहे. मी चडफडत एकटीच जायची.

तिचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीपाशी तिचं मशीन, दाराशी माझं स्टूल. काजं, बटणं, हातशिलाई माझ्याकडे. ताईचा एक नियम आहे. एखादी बाई आपला घट्ट झालेला ड्रेस घेऊन आली, की ताई तिच्या अंगाबद्दल ब्र काढत नाही. "कापड आटलंय," म्हणते, शिवण उसवते आणि आत सोडलेल्या जादा कापडातून थोडं बाहेर काढते. बाई खूश होऊन जाते. या गोड बोलण्यावर आमचं दुकान चालतं, हे मलाही मान्य आहे.

गेल्या आठवड्यात तिने तिचाच निळा ड्रेस बटण लावायला माझ्याकडे टाकला. तो उलटा केला आणि माझा हात थांबला. डावीकडची शिवण छातीपाशी उसवून पुन्हा घातली होती. जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. उजवी बाजू जशीच्या तशी होती.

मी ड्रेस तिच्यासमोर धरला आणि हे काय म्हणून विचारलं.

"कापड आटलं," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "ताई, मी गिऱ्हाईक नाही. कापड एकाच बाजूने आटत नाही."

तिने मशीन चालूच ठेवलं. मग हळूच म्हणाली, की गाठ आहे, पण दुखत नाही, आणि मी तर सगळं पाळते, मला कसं होईल. मला तिची दया यायला हवी होती. आला तो संताप. इतकी वर्षं हिने माझी झोप मोडली, माझ्या ताटातलं तळलेलं उचललं, आणि स्वतः मात्र आईचंच दुखणं शिवणीत लपवत बसली. मी मशीनचं बटण बंद केलं, तिच्या चपला तिच्या पुढ्यात टाकल्या आणि तिला रिक्षात बसवलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. गाठीचा तुकडा काढून बघावा लागेल, त्याशिवाय काही सांगता येणार नाही, म्हणाल्या. ताईने विचारलं, मग मी एवढी चालले ते पाण्यातच गेलं का? बाई शांतपणे म्हणाल्या, तसं नाही, चालण्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून तर तपासायचं. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

गावभरच्या बायकांची मापं तोंडपाठ असणाऱ्या माझ्या ताईने डॉक्टरबाईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"निळ्याच्या आधी हिरवा सैल केला होता," ती म्हणाली. "त्याच्या आधी पांढरा."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. सैल केल्यावर पांढऱ्याची बटणं मीच लावली होती, मागच्या उन्हाळ्यात.