मामाजींची सुई

लग्न होऊन मी गोंडपिपरीला आले तेव्हा मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साखरेचा आजार होऊन वर्ष झालं होतं. रोज सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन त्यांच्या दंडात इन्सुलिन टोचायचा. पन्नास सालानंतरची ती वर्षं. सून सासऱ्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत.

मग कंपाउंडरची बदली झाली. माझे यजमान नोकरीला वडशाला, महिन्यातून एकदा यायचे. सासूबाईंनी सुई हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "मले नाई जमत," म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंपाउंडरने जाण्याआधी मला वांग्यावर टोचायला शिकवलं.

पहिल्या दिवशी मामाजी भिंतीकडे तोंड करून बसले. मी पदर सावरत कसंबसं टोचलं.

"झालं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. उत्तर मलाच देणं भाग होतं. "झालं, मामाजी."

हळूहळू सगळंच माझ्याकडे आलं. काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची, निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. रंग हिरवा आला तर ठीक, विटकरी आला तर साखर फार. विटकरी दिसला की मामाजी आपणहून सांगत, "काल भात जास्त झाला. काऊन लपवू?"

सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी जायची वेळ आली, तेव्हा मीच म्हटलं, "मामाजी, आता तुम्ही शिका."

"ह्या वयात?"

"मी चार महिने नाई राहीन. मंग कोण टोचन?"

ते वांगं घेऊन बसले. स्वतःच्या दंडात घेणं अवघड, म्हणून मांडीत घ्यायचं ठरलं. खऱ्या सुईच्या दिवशी इतका वेळ थांबले की चहा गार झाला.

"हात जात नाई."

"माझाही जात नव्हता. डोळे मिटू नका."

त्यांनी टोचलं आणि नवलाने मांडीकडे पाहिलं. "एवढंच?"

निघताना मी बजावलं, सुई घेतली की लगेच जेवायचं; घाम फुटला, हातपाय कापले, तर गूळ तोंडात टाकायचा. ते मान हलवत ऐकत राहिले.

लेक घेऊन परतले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, एकदा ते न जेवताच शेतावर गेले आणि बांधावर चक्कर येऊन बसले. खिशात गूळ होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ताट संपल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

सुई काय, लघवी तपासायची नळीही पुन्हा माझ्याकडे आली नाही. मला बरं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही. पण बोलणं एकदा सुरू झालं ते थांबलं नाही. रोज सकाळी ओसरीवरून आवाज यायचा, "आज हिरवा हाय, सूनबाई." चुलीपाशी बसून मी म्हणायची, "मंग पाटावर बसा, वाढते."