तामूच्या अकरा पुरवण्या

मोरोक्कोतल्या तेतुआनमध्ये मालक सी लार्बींच्या छापखान्यात लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, सव्वीस वर्षं पानं जुळवत होती, आणि एवढ्या वर्षांत कुणाचं मुकाट्याने ऐकल्याचा पुरावा तिने मागे सोडला नव्हता. सी लार्बींनी घसा खाकरून सांगितलं, की नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली की हे काम कुणीही करील, ईदनंतर तुम्ही घरी आराम करा. त्यावर ती एवढंच म्हणाली, "आराम मेल्यावर आहेच."

सिस्टिम बसवायला निज़ार आला. तिशीचा, जिभेने गोड, हाताने चलाख. जुन्या संगणकाला अरबी धड येत नसे, म्हणून तामूने त्याला वर्षानुवर्षं अकरा छोटे प्रोग्राम जोडले होते. ती त्यांना पुरवण्या म्हणे. एक अक्षरं उजवीकडून लावायची, एक ओळ भरावी म्हणून अक्षर ताणायची, एक प्रिंटरची समजूत घालायची. निज़ारने अकराही काढून टाकल्या.

"लल्ला, नव्या सिस्टिमला हे सगळं जन्मतःच येतं. ही जुनी भुतं कशाला पोसायची?"

"येतं की नाही ते मी बघते. तू गप बस."

तामूच्या पर्समध्ये सगळ्या पुरवण्यांची सीडी होतीच. दोन दिवस तिने एकेकीचं काम नव्या सिस्टिमकडून करून घेतलं. जमलं की ती पुरवणी बाद. अशा दहा बाद झाल्या आणि तिने साधा सुस्काराही टाकला नाही. अक्षर ताणायचं काम तर नवी सिस्टिम जास्त चांगलं करते, हे तिने सर्वांदेखत कबूल केलं. गाडी अडली ती अकरावीपाशी. ती एका गणिताच्या मास्तरांनी लिहून दिलेली. एक कळ दाबली की चंद्राचा महिना एक दिवस पुढे सरकायचा, आणि रमजानच्या रोज्यांच्या तक्त्यातल्या तारखा, वेळा सगळं त्याच्यामागे.

"हिजरी तारखा सिस्टिममध्येच आहेत," निज़ार म्हणाला. "पुढच्या पन्नास वर्षांच्या."

"आणि एक दिवस सरकवायच्या असतील तर?"

"सरकत नाहीत. सरकवायच्या कशाला? पक्का हिशोब आहे."

"मग त्या हिशोबाला म्हणावं, गच्चीवर ये आमच्याबरोबर. आमच्याकडे चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय महिना लागत नाही."

सी लार्बींना मात्र हिशोब पटला. दरवर्षी रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळपर्यंत छापखाना थांबायचा आणि मग नुसती पळापळ. यंदा चार दिवस आधीच तक्ते छापून इतरांच्या पुढे जायचं ठरलं. तामूने साफ नकार दिला. "माझ्या हातून नाही. लोकांना भलत्या दिवशी उपाशी ठेवायचं पाप तुमचं तुम्ही करा." मग निज़ारनेच पान जुळवलं आणि चार हजार तक्ते छापून झाले. तामूला इतका संताप आला, की दोन दिवस तिने छापखान्यातल्या चहाला तोंड लावलं नाही.

एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे गच्चीवर चढले. आभाळ स्वच्छ होतं, पण चंद्राचा पत्ता नव्हता. थोड्या वेळाने रेडिओनेही तेच सांगितलं: चंद्र कुठेच दिसलेला नाही, रोजे परवापासून.

खाली आल्यावर, पहिला रोजा उद्याच दाखवणाऱ्या त्या चार हजार तक्त्यांकडे कुणी बघेना. तामूने सीडी घातली. या जुन्या प्रोग्रामवर भरवसा आहे का, असं नव्या सिस्टिमने दोनदा विचारलं, आणि तामूने दोन्ही वेळा हो म्हटलं. कळ दाबली, तक्ता सरकला. निज़ारने तीसच्या तीस ओळी बोट ठेवून तपासल्या.

"बरोबर आहे, लल्ला," तो म्हणाला. "हिला राहू द्या."

यंत्र सुरू झालं तेव्हा सी लार्बी तिच्याजवळ आले. "झालं गेलं विसरा, लल्ला. रमजानच्या तक्त्यापुरतं तरी दरवर्षी येत जा."

"वर्षातून एकदा?" तामूने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "चंद्र दर महिन्याला बघावा लागतो, सी लार्बी. मी बारा महिने येणार, आणि बारा महिन्यांचा पगार घेणार."