खर्र्याचं पोस्टर

आमच्या वॉर्डातल्या युवक मंडळानं व्यसनमुक्तीवर पोस्टर स्पर्धा घ्यायचं ठरवलं, त्या बैठकीत एकाचंही तोंड रिकामं नव्हतं. हे ऐकीव नाही. बैठक आमच्याच पोर्चमध्ये झाली होती आणि चहा मीच नेऊन दिला होता. चहा आलेला बघून सगळे एकेक करून नालीवर थुंकायला गेले, चूळ भरून आले, चहा प्यायले, आणि शेवटचा कप ट्रेमध्ये ठेवायच्या आत अध्यक्षांनी खिशातून नवी पुडी काढली. ती फिरत फिरत दादाकडे आली. दादानं चिमूट गालात सरकवली आणि गंभीर आवाजात विषय वाचून दाखवला : ‘व्यसनमुक्त युवा, सशक्त गाव.’

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो मंडळाचा सचिव. दिवसा एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा, संध्याकाळी मंडळाची कामं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सिंदीहून रोज गाडीनं वर्ध्याला जात होते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. वर रबर लावलेलं. आमच्याकडे खर्रा व्यसनात धरत नाहीत. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणून व्यसन म्हटलं की दारू. आणि दारू तर कागदोपत्री बंदच आहे. तेव्हा व्यसन कुठेच नाही आणि खर्रा घरोघरी आहे, असा सगळा आनंद. दोन अनोळखी माणसं बस स्टँडवर भेटली तर गाव विचारायच्या आधी पुडी पुढे करतात. न घेणाऱ्याला आजारी समजतात.

स्पर्धा जाहीर झाली त्याच्या महिनाभर आधी आमच्या कॉलेजात दातांच्या डॉक्टरांचं शिबिर आलं होतं. शिकाऊ डॉक्टर मुली होत्या, बहुतेक माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आपली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरा आणि तोंडात घाला. आम्ही खिदळत घातली. माझी आरामात गेली. मागे मुलांच्या रांगेत मात्र हसणं हळूहळू कमी झालं. त्यातल्या एका डॉक्टर मुलीनं सांगितलं की सुपारी-तंबाखूनं गाल आतून कडक होत जातात, तिखट लागलं की आग होते, मग तोंड उघडणं कमी कमी होत जातं, आणि त्यातल्याच काहींना पुढे कॅन्सर होतो. तिनं हे सगळं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला आधी त्याची भीतीच वाटली नाही.

ती वाटली परतीच्या गाडीत. कारण आमच्या घरी दादासाठी वर्षभरापासून वेगळी भाजी होत होती. आई म्हणायची, उष्णता झाली आहे, तिखट सोसत नाही त्याला. पोळीचे तो चिमणीला घालावेत तेवढे लहान तुकडे करायचा. पूर्वी फाटकाजवळ आला की शीळ घालायचा, ती कधी बंद झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी खिडकीशी बसून एकेक आठवत गेले.

त्याच आठवड्यात मी हट्ट करून त्याला गुपचुपच्या ठेल्यावर नेलं. मुंबई-पुण्याकडे ज्याला पाणीपुरी म्हणतात, ती आमची गुपचुप. लहानपणी आमच्यात पैज लागायची आणि दादा नेहमी जिंकायचा. त्या दिवशी त्यानं पहिली पुरी तोंडाशी नेली, मान थोडी मागे केली, आणि पुरी दातांवर आपटून फुटली. सगळं पाणी शर्टावर. ठेलेवाला हसला. दादाही हसला.

“पुऱ्या लय मोठ्या करून राह्यला बाप्पा तू,” तो त्याला म्हणाला आणि द्रोण माझ्या हातात दिला. “तू खा वं. माहं पोट भरलं हाय.”

पुऱ्या नेहमीएवढ्याच होत्या.

वाटेत मी त्याला म्हटलं, “दादा, तोंड उघड बरं जरा.”

“काऊन?”

“उघड तं.”

“मी काय बैल होय काय दात पाह्याले?”

मी शिबिराचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि नाल्याच्या कठड्यापलीकडे थुंकून म्हणाला, “तुह्या डॉक्टरनीले काम नाई.” घरी आईजवळ विषय काढला तर आईनं त्याच्या ताटात दही वाढलं. बाबांनी, जे एका शाळेत क्लार्क होते आणि जेवणानंतर स्वतःही एक चिमूट घ्यायचे, पेपर वर धरला. आमच्या घरात बोललेलं असंच वाया जायचं. मला भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. दादाचं तोंड रोज थोडं थोडं बंद होत होतं आणि ते फक्त मलाच दिसत होतं.

अशात दादानं ड्रॉइंग शीटचा गठ्ठा घरी आणला. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात मंडळाचा शिक्का मारत बसला. शीट गुंडाळायला रबरं लागली तेव्हा त्यानं मनगटावरची काढली, खर्र्याच्या पुड्यांची जमवलेली. व्यसनमुक्तीच्या पोस्टरांचे कागद खर्र्याच्या रबरात गुंडाळून मुलांना वाटले जाणार, हे त्याला सांगितलं तर त्याला त्यात काही विनोद दिसला नाही. उलट म्हणाला, “तुहाबी हात बरा हाय. एक काढ ना. एन्ट्र्या कमी हायेत, मंडळाची इज्जत जाईल.”

मी म्हटलं, “मंडळाची इज्जत वाचवते.”

चित्र काढायला मला दोन संध्याकाळ लागल्या. तोंड शीटभर मोठं काढलं. ओठ, दात, आणि मध्ये उघडी राहिलेली बारीक फट. फटीसमोर काठोकाठ भरलेली एक गुपचुप, आत जाऊ न शकणारी, पाणी हनुवटीवर सांडलेलं. दादाचा समोरचा एक दात क्रिकेटच्या चेंडूनं कोपऱ्यात तुटलेला आहे. तो मी आधी काढला, मग खोडरबरानं खोडून दात पूर्ण केला. राग त्याच्यावर होता, पण गावात त्याचा तमाशा करायचा नव्हता. घोषवाक्य सक्तीचं होतं. मी खाली तीन उभी बोटं काढली आणि जाड ब्रशनं लिहिलं : ‘आपली तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा.’

एन्ट्री सचिवाकडे द्यायची होती, म्हणून दादाच्या हातात दिली. त्यानं ती पलंगावर उलगडली. बराच वेळ बघत राहिला. गालातला खर्रा चघळायचा थांबला होता.

“हे काय हाय?”

“पोस्टर.”

“यात व्यसन कोठी हाय?”

त्यानं शीट गुंडाळली, मागे नंबर टाकला आणि बाकीच्यांत ठेवून दिली. फाडली नाही, हे त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

प्रदर्शन समाजभवनात होतं. सुतळ्या ताणून पोस्टरं चिमट्यांनी लावलेली. जवळजवळ सगळ्यांत कवट्या होत्या. बाटलीत कवटी, सिगारेटच्या धुरात कवटी, एका ठिकाणी कवटीच बाटली पीत होती. माझं पोस्टर मला सापडेना. शेवटी लाउडस्पीकरच्या खोक्यामागे, दाराच्या कोपऱ्यात दिसलं. कुणी लावलं असेल ते विचारायची गरज नव्हती. मी तशीच गेले, खोका पायानं ढकलला आणि बाजूला जाऊन उभी राहिले.

आधी मंडळाचेच काही पोट्टे तिथे घोळक्यानं आले. गुपचुप बघून हसले. मग एकानं खालचं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि गंमत म्हणून बोटं तोंडात घातली. गेली. त्यानं दोन्ही हात वर करून विजय साजरा केला. मग दुसऱ्यानं घातली. मग सगळ्यांनीच. थोड्या वेळात त्या कोपऱ्यात दहा-बारा जण तोंडात बोटं घालून उभे होते, आणि बाकीचे लोक कवट्या सोडून त्यांनाच बघायला आले.

अध्यक्षांची पाळी आली. पंचविशीतला धडधाकट माणूस, आवाज असा की माइक लागू नये. त्यांनी दोन बोटं घातली, तिसरं घालून बघितलं, बाहेर काढलं, हात पँटला पुसून पुन्हा घालून बघितलं.

“दोनच जाते बे,” ते म्हणाले.

त्यांना वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मग एक जण म्हणाला, “सचिव कोठी हाय? ए सचिव, तू पाह्य ना.”

दादा स्टेजजवळ वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, आधी घोळक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मले काम हाय,” म्हणाला आणि माइक तपासायला लागला. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. माइक मघापासून चालूच होता.

परीक्षक म्हणून चित्रकलेचे एक निवृत्त सर आले होते. पहिलं बक्षीस बाटली पिणाऱ्या कवटीला मिळालं. मला उत्तेजनार्थ स्टीलचा टिफिन. सर भाषणात म्हणाले, एका स्पर्धकाची रेखा चांगली आहे, परंतु घोषवाक्याला यमक नाही आणि पोस्टरमध्ये व्यसनाचं चित्रण आढळत नाही. मी टिफिन घेतला, फोटोसाठी उभी राहिले, आणि मनातल्या मनात सरांना जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. बक्षीस गेल्याचं दुःख मला झालं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण दादा माइकमागे लपला ते जास्त लागलं. मला वाटलं, झालं, एवढं करूनही काही उपयोग नाही. आता हा माझ्याशी बोलणंही सोडेल.

पुढे दादाचे उपचार सुरू झाले. गालात इंजेक्शनं, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम, सुटलेला आणि पुन्हा लागलेला आणि पुन्हा सुटलेला खर्रा. ते अजून चालू आहे आणि ते त्यानं स्वतः सांगावं. मला सांगायचं आहे ते बक्षीस समारंभाच्या त्याच संध्याकाळचं.

आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती आणि बाबा गप्पांना. मी ओट्याशी भांडी घासत होते. दादा आत आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. मला वाटलं, भांडणार. मी तयारीत होते.

“डॉक्टर कोणाचे बोटं पाह्यते?” त्यानं विचारलं.

“म्हणजे?”

“ज्याचं तोंड त्याचेच, का कोणाचेबी चालते?”

मी नळ बंद केला. “ज्याचं तोंड त्याचेच.”

“माहे बोटं जाड हाय,” तो म्हणाला. “काट्यावर कापसाचे बोरे ओढू ओढू जाड झाले. तुहे बारीक हाय. तुहे घालून पाह्य.”

त्यात काही अर्थ नव्हता, हे त्यालाही कळत असणार. तो जमिनीवर मांडी घालून बसला. मी हात साबणानं धुतले, ओढणीला पुसले आणि त्याच्यासमोर बसले. त्यानं तोंड उघडलं. इतक्या जवळून ते मी कधी बघितलं नव्हतं. आतला गाल पांढुरका, चामड्यासारखा. एक बोट गेलं. दुसरं त्याच्यावर ठेवून ढकललं, ते अडकत अडकत पेरापर्यंत गेलं. त्याचे दात माझ्या हाडांवर रुतत होते.

“नाही जात रे,” मी म्हटलं.

त्यानं माझं मनगट धरलं आणि तिसरं बोट स्वतःच आत दाबायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं की कशानं कोण जाणे. मलाही रडू फुटलं. मी हात जोरानं ओढून घेतला. बोटांवर दातांचे व्रण होते.

“दादा, उद्या सकाळच्या गाडीनं दवाखान्यात जाऊ. माझ्यासोबत चल.”

त्यानं होकारार्थी मान हलवली. पण तोंड मिटलं नाही. तसंच, जेवढं उघडत होतं तेवढं उघडं ठेवून तो माझ्या हाताकडे बघत बसून राहिला, पुन्हा एकदा घालून बघ म्हणून.