पाच वटवाघळांचा वाडगा

काल जुन्या चिनी भांड्यांचे एक जाणकार आमच्या रोह्याच्या घरी आले होते. आईचा वाडगा हातात फिरवत म्हणाले, "ही पाच वटवाघळं बघितलीत? चिनी लोकांत वटवाघूळ म्हणजे भाग्य. पाच म्हणजे पाची सुखं."

आणि मी मनानं थेट पेणला, लहानपणीच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन पोचले. ओल्या रंगाचा वास आणि रांगेनं बसलेल्या, अजून डोळे न उघडलेल्या मूर्ती. बोटीवरून सुट्टीला आलेल्या बाबांनी मोठ्या हौसेनं तो वाडगा आईपुढं धरला होता, नैवेद्यासाठी.

आई दचकलीच. "देवापुढं वटवाघळं? नाय हो, अभद्र दिसतं!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते बघून आईनं वाडग्यात पाणी ओतलं, डोळे आखायचा बारीक ब्रश त्यात बुडवला आणि हळूच म्हणाली, "ह्याला घेते. माझ्या हाताशी राहील."

पुढच्या फेरीला गेलेले बाबा परत आलेच नाहीत. आईनं मात्र शेवटपर्यंत दुसऱ्या कशात ब्रश धुतला नाही. आमच्याकडच्या प्रत्येक गणपतीची नजर त्या भाग्याच्या पाण्यातून उघडली, हे तिला कधी कळलंच नाही.

जाणकारांनी वाडगा पालथा केला. तळाची निळी अक्षरं आईच्या ब्रशच्या वाळलेल्या काळ्या रंगाखाली बुजली होती. "एवढं धुऊन ठेवा, म्हणजे वाडगा कुठल्या काळातला ते सांगता येईल."

ते गेल्यावर मी वाडगा नळाखाली धरला. पाणी जरासं काळं झालं, आणि मी नळ बंद केला.