मारेत आजींचा लांब स्वर आणि आमच्या वसुधाताई

दोन वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत भाषाशास्त्रज्ञ वसुधाताईंची आणि माझी ओळख झाली. मी प्रोग्रॅमर आहे हे कळताच त्यांनी मला ‘दिन’ आणि ‘दीन’ म्हणायला लावले. “दोन्ही सारखेच म्हणालास!” त्या हसल्या. “मी जी भाषा अभ्यासते, तिथे स्वर एवढासा लांबला तरी अर्थ बदलतो.” ती भाषा युरोपच्या पार उत्तरेकडच्या सामी लोकांची, बोलणारी माणसे थोडीच उरलेली.

पुढे दर शनिवारी मी लायडनला त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्यांच्या जुन्या ध्वनिफितींमधल्या स्वरांची लांबी मोजणारा प्रोग्रॅम मी लिहीत होतो. शब्दाच्या दुसऱ्या अक्षरातला स्वर लांबतो की नाही, हे पहिल्या अक्षरावरून ठरते, हा ताईंचा नियम अभ्यासकांनी मान्य केला होता. मारेत नावाच्या सामी आजींच्या तोंडचे काही शब्द तेवढे त्यात बसत नव्हते. उच्चारातली चूक समजून ताईंनी ते वगळले होते.

मी तेही मोजले. आजी ते शब्द दर वेळी लांब स्वरानेच म्हणत होत्या. दोन आठवडे मला हे सांगण्याचा धीर झाला नाही. शेवटी कागद पुढे केला. ताईंनी हेडफोन लावून पुन्हापुन्हा ऐकले.

“अरे, घाबरलास कशाला? चुकले मी. आजी बरोबर होत्या.”

त्यांनी लगेच आजींना फोन लावला. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचे डोळे भरले होते. “तेव्हा ध्वनिमुद्रण करताना मी त्यांना सारखी टोकत होते. त्यांना वाटलं, म्हातारपणी आपण आपलीच भाषा विसरलो. नातवंडांशी ती बोलणंच सोडलं त्यांनी.”

त्याच हिवाळ्यात, गुडघे दुखत असतानाही, ताई उत्तरेला गेल्या आणि आजींची त्यांच्या घरच्यांसमोर माफी मागितली. मग भर परिषदेत स्वतःचा नियम मागे घेतला. नव्या लेखावर आपल्या नावाआधी आजींचे नाव घातले. आजी आता नातवंडांशी पुन्हा आपल्या भाषेत बोलतात.

माझी मुलगी मराठीत विचारले तरी डचमध्ये उत्तर देते, म्हणून मी एकदा तिच्यावर रागावलो. ताईंनी मला हळूच बाजूला घेतले. “टोकू नकोस रे. बोलू दे तिला.”

ताई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांच्यासमोर मोकळेपणाने बोलण्याचे भाग्य आम्हाला पुष्कळ वर्षे मिळो.