बाबांच्या बुटांची माती

गप्पांत भुतंखेतं निघाली की मी मुद्दाम भजी तळायला उठतो. माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. मी गोष्टी रंगवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, तेही मान्य... पण हे तिखटमीठ न लावता लिहितोय. म्हणजे मला जमेल तेवढं.

आम्ही ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये राहतो. बाबा साताऱ्याचे, निवृत्त इतिहासशिक्षक, वय एकोणऐंशी. मागच्या वर्षी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर वर्षभर टिकली तर नशीब. बाबांनी चष्मा पुसला. "मग आधी ग्रीस." उत्तर ग्रीसमध्ये एका टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुनं थडगं आहे, आत रंगवलेल्या भिंती. जन्मभर त्यांनी ते फळ्यावर खडूने काढून शिकवलं होतं.

गेलो. फाटकाला हे भलंमोठं कुलूप. आत डागडुजी, प्रवेश बंद. वेबसाइट आधी बघायचं काम माझं होतं... राहिलं. पहारेकरी स्टाव्रोस, मिशाळ आणि भला माणूस, म्हणाला, "क्लोज्ड. मिनिस्टर आला तरी क्लोज्ड."

"चला बाबा, म्युझियम बघू."

"तू बघ. मी बसतो."

तीन दिवस बसले. डांबरी रस्त्याच्या कडेला, स्टाव्रोसच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर, फाटकाकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी त्याने कॉफी दिली, तिसऱ्या दिवशी ऑलिव्ह. कुलूप काही निघालं नाही. तिसऱ्या दुपारी बाबांनी डोळे मिटले. मी शेजारीच होतो — बरं, दहा मिनिटं माझाही डोळा लागला, लपवत नाही. जागा झालो तर बाबा काठी घेऊन उभे.

"बघून झालं. चल."

"काय बघून झालं?"

"सतरा पायऱ्या. शेवटच्या चार ओल्या आहेत, जपून उतरावं लागतं. घोड्याच्या पाठीवरच्या कापडाचा निळा अजून तस्साच आहे रे."

स्टाव्रोसने कुलूप हलवून दाखवलं. बंद. किल्ली शहरातल्या ऑफिसात, त्याच्याकडेही नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला स्वप्न पडलं... बरंच झालं, माझी चूक झाकली गेली.

ऑकलंड विमानतळ. परदेशातली माती इथे आत येऊ देत नाहीत. मी फॉर्मवर ठणकावून लिहिलं होतं — माती नाही. बायोसिक्युरिटीच्या बाईंनी माझे बूट पाहिले. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. बाबांचे उलटे केले आणि थांबल्या. तळव्याच्या खाचांत पिवळी चिकणमाती. तीस तासांच्या प्रवासानंतरही ओली. आणि तिथे तर आम्ही होतो तोवर एक थेंब पडला नव्हता.

"कुठे गेला होता, मातुआ?" बाई माओरी होत्या, वडीलधाऱ्यांना त्या असंच म्हणतात.

"थडग्यात," बाबा इंग्रजीत म्हणाले.

"नाही नाही, ते बंद होतं, हे बाहेर खुर्चीवर—" मी सुरू केलं, पण बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. बूट धुऊन आणले. मग पाण्याची बाटली आणली.

"निघताना हात धुतले होते का?"

"राहिले," बाबा ओशाळले.

बाईंनी त्यांच्या हातांवर पाणी घातलं. "आमच्यात दफनभूमीतून निघताना हात धुतात."

"आमच्यातही," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "हिला कळलं बघ. तू काढ डुलक्या."

आता बाबांना दिसत नाही. जिना मोजत उतरतात, आधार दिला तर हात झटकतात. आमचा जिना तेरा पायऱ्यांचा आहे. मी दोनदा मोजलाय, पेशाने इंजिनियर आहे. काही दिवशी बाबा तेरावर थांबतात. काही दिवशी मात्र चौदा, पंधरा म्हणत पुढे मोजत राहतात, शेवटच्या चार जरा जपून — आणि मी खाली उभा राहून बघतो, त्यांचं पाऊल दर वेळी खाली जातं. कसं, ते मला सांगता येत नाही.

सतरा झाले की ते खुशीत सिंककडे जातात आणि हात धुतात.